डिव्हिलियर्स म्हणजे वाडीकर

२५ ऑक्टोबर २०१५ ची वानखेडेवरची दुपार क्रिकेट पाहणारे आपल्यातले कोणी विसरले असेल असे वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेने ५० षटकांत ४ बाद ४३८ धावा कुटल्या आणि आपण २१४ धावांनी हरलो. फाफ डू प्लेसिस १३३, एबी डिव्हिलियर्स ६१ चेंडूंत ११९, क्विंटन डी कॉक १०९. पराभवाचे दुःख बाजूला ठेवून त्या धावफलकाकडे पाहिले, तर इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसरेच काही खुणावते. डी कॉक हे नाव डच; दक्षिण आफ्रिकेत ते असणारच. पण डिव्हिलियर्स आणि डू प्लेसिस ही दोन्ही नावे अस्सल फ्रेंच आहेत. आफ्रिकेच्या त्या टोकावर फ्रान्सची सत्ता कधीच नव्हती. मग ही नावे तिथे पोचली कशी?

आधी नावाचा अर्थ पाहू. फ्रेंच उच्चार ‘द व्हिलिए’. शेवटचा ‘स’ लिहायचा, म्हणायचा नाही. ‘द’ म्हणजे ‘अमुक ठिकाणचा’. ‘व्हिलिए’ हा शब्द मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘व्हिलारे’वरून आला. मोठ्या जमीनदारीच्या कडेला वसलेली लहान वस्ती, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे त्याला वाडी म्हणतात. तेव्हा डिव्हिलियर्स म्हणजे सरळ सरळ वाडीकर! आपला ‘कर’ गावाच्या मागे लागतो, त्यांचा ‘द’ पुढे, एवढाच फरक. डू प्लेसिसही त्याच जातीचे नाव: फांद्या विणून केलेल्या कुंपणाच्या आतली जागा, तिथला तो.

हजेरीपटावर अर्धा वर्ग ‘कर’ असलेल्या आपल्यासारख्यांना एक गोष्ट समजावून सांगायला नको. गावात सगळेच त्या गावचे, तिथे गावाच्या नावाने माणूस ओळखता येत नाही. तो बाहेर पडला, परक्या मुलखात स्थिरावला, की तिथले लोक त्याला त्याच्या गावावरून हाक मारू लागतात. म्हणजे असे आडनाव हीच बहुधा स्थलांतराची पहिली नोंद. फ्रान्समध्ये व्हिलिए नावाची गावे डझनांनी आहेत, त्यामुळे हे नाव लावणारी सगळी कुटुंबे एकमेकांची भाऊबंद नव्हेत, हेही ओघाने आलेच. आपल्याकडचे सगळे वाडकर तरी कुठे एका कुळातले?

आपल्या गोष्टीतले डिव्हिलियर्स पश्चिम किनाऱ्यावरच्या ला रोशेल बंदराच्या परिसरातले. हे बंदर म्हणजे ह्युगेनॉटांचा, अर्थात फ्रेंच प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला. १५९८ मध्ये चौथ्या हेन्रीने नँटचा जाहीरनामा काढून त्यांना धर्मस्वातंत्र्य दिले होते. ते फार काळ सुखाने टिकले नाही. १६२७-२८ मध्ये कार्डिनल रिशेल्यूने ला रोशेलला वेढा घातला आणि शहर अक्षरशः उपाशी मारले. सुमारे २७ हजारांच्या वस्तीतले जेमतेम ५ हजार उरले. (गंमत अशी, की वेढ्याआधी या शहराच्या मदतीला इंग्रजी आरमार घेऊन आलेला बकिंगहॅमचा ड्यूक हाही आडनावाने व्हिलियर्सच होता. त्याची मोहीम मात्र साफ फसली.)

पुढे १६८५ मध्ये चौदाव्या लुईने तो जाहीरनामाच रद्द केला. प्रार्थनागृहे पाडली गेली. धर्मोपदेशकांना १५ दिवसांत देश सोडण्याचा हुकूम निघाला, आणि सामान्य प्रोटेस्टंटांना मात्र देश सोडण्याची बंदी! पळताना सापडलेल्या पुरुषाला गलबतावर साखळीने बांधून वल्ही मारायला लावत. तरीही सुमारे दोन लाख माणसे रात्री-बेरात्री निसटली. हॉलंड, इंग्लंड, प्रशिया, जिनिव्हा, जिकडे वाट मिळेल तिकडे गेली.

हॉलंडमध्ये आलेल्या निर्वासितांवर डच ईस्ट इंडिया कंपनीची नजर पडली. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांना ताजे अन्न मिळावे म्हणून कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणे उभारले होते. तिथे कसणारे हात कमी, आणि द्राक्षे लावून दारू काढणारे तर हवेच होते. कंपनीने फुकट प्रवास आणि जमीन देऊ केली; अट अशी, की निष्ठेची शपथ घ्यायची आणि किमान पाच वर्षे राहायचे. १६८८ च्या तुकडीत ‘ऑस्टरलँड’ जहाजावरून पॉइतिएचा शल्यवैद्य जाँ प्रिएर डू प्लेसिस आला. मे १६८९ मध्ये ‘झिऑन’ जहाजावरून पिएर, अब्राहम आणि जाकोब डिव्हिलियर्स हे तीन भाऊ उतरले. द्राक्षबागेचे काम या तिघांना चांगले कळते, अशी शिफारस कंपनीच्या डेल्फ्ट शाखेने आधीच पाठवली होती.

त्यांना जमिनी मिळाल्या त्या खोऱ्याला पूर्वी ‘हत्तींचा कोपरा’ म्हणत. पुढे ते फ्रान्सहूक, म्हणजे ‘फ्रेंचांचा कोपरा’ झाले. मळ्यांना यांनी नावे दिली बुर्गोन्य, शाँपान्य. बोशेनडाल हा प्रसिद्ध मळा तर १८७९ पर्यंत डिव्हिलियर्स घराण्याकडे होता.

नावे टिकली, भाषा टिकली नाही. गव्हर्नर सिमोन व्हॅन डेर स्टेलने फ्रेंचांना मुद्दाम डच शेतकऱ्यांमध्ये विखरून जमिनी दिल्या. १७०१ मध्ये कंपनीचा हुकूम आला, की मुलांना शाळेत डचच शिकवावी. खरा घाव तोच. १७५१ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लाकाय केपला गेला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलणारी म्हातारी माणसेच काय ती भेटली. पूजेची भाषा घेऊन देश सोडलेल्यांची नातवंडे त्याच पूजेसाठी डच बोलू लागली होती. हे कंपनीने घडवून आणले हे खरे, पण भाषा घालवायला फौज लागत नाही, एक शाळा पुरते, एवढे आपल्या मराठी शाळेच्या स्मरणिकेत लिहून ठेवायला हरकत नाही.

भाषा गेल्यावर नावांची मोडतोड झाली. क्रोनिएचे क्रोन्ये झाले (आपला हॅन्सी तो), पिनारचे पिनार्ड आणि मग पीनार, रेतिफचे रेटिफ, व्हियोंचे फिल्यून. ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा मार्नस लाबुशेन जन्माने दक्षिण आफ्रिकेचा. त्याचेही नाव याच गोतावळ्यातले. डिव्हिलियर्सचे लिखाण तसेच राहिले. त्या घराण्यातून १९१० मध्ये संघराज्याचे पहिले सरन्यायाधीश झाले. जुन्या ‘दी स्टेम’ राष्ट्रगीताची चाल एका डिव्हिलियर्स धर्मोपदेशकाची, आणि तिचा भाग आजच्या राष्ट्रगीतातही आहे. केपच्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी जमवणाराही एक डिव्हिलियर्सच. आपल्या भाटांचे काम त्याने एकट्याने केले. ते तीन खंड १८९३-९४ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले.

एवढ्यावर थांबलो तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल. निर्वासितांना मिळालेल्या त्या जमिनी खोइखोई लोकांच्या चराईच्या होत्या. आणि द्राक्षबागांत राबत होते ते गुलाम: मादागास्करचे, इंडोनेशियाच्या बेटांवरचे, आणि हिंदुस्थानातले, बंगाल, कोरोमंडल, मलबारमधले. त्यांची मूळ नावे कोणी विचारली नाहीत. कोणाला आणल्या महिन्यावरून नाव मिळाले. फेब्रुवारी, एप्रिल, सप्टेंबर ही आडनावे केप टाउनमध्ये आजही भेटतात. कोणाच्या नावापुढे डच ‘व्हॅन’ लावून मुलूख जोडला: व्हॅन मलबार, व्हॅन बेंगाल. ‘द’ आणि ‘व्हॅन’ यांचा अर्थ एकच, आपला ‘कर’. तरी डिव्हिलियर्सचा ‘द’ पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि हा ‘व्हॅन’ बहुतेक वेळा पहिल्याच पिढीत पुसला गेला.

अँजेला व्हॅन बेंगाल त्यांतली एक. केपचा पहिला डच प्रमुख यान व्हॅन रिबेक याच्या घरी ती गुलाम होती. डिव्हिलियर्स बंधू येण्याच्या २३ वर्षे आधी, १६६६ मध्ये, ती मुक्त झाली आणि १६६९ मध्ये तिने आर्नोल्डस बासन याच्याशी लग्न केले. मुलांनी बापाचे नाव लावले. दक्षिण आफ्रिकेत आज जे गोरे बासन आहेत, त्यांच्या वंशावळीच्या मुळाशी ही बंगालकरीण आहे.