‘तू कोण?’ : कर्नेल आणि फ्लॅश चिप यांच्यातील संवादाचा इतिहास

१/ आजचा धागा अशा एका दस्तऐवजाविषयी आहे, ज्याकडे इतिहासाचे साधन म्हणून सहसा कुणी पाहत नाही. लिनक्सचे कर्नेल बांधण्यापूर्वी त्यात कोणते ड्रायव्हर घ्यायचे आणि कोणते वगळायचे हे ठरवावे लागते. त्यासाठी कर्नेलसोबतच प्रश्नांची एक अवाढव्य यादी येते आणि बहुतेक प्रश्नांखाली चार ओळींची टीप असते. या यादीत ‘एमटीडी’ नावाचा एक विभाग आहे. तो फ्लॅश मेमरीचा विभाग.

२/ त्यातले काही प्रश्न आज चमत्कारिक वाटतात. एकमेकींशेजारी किती चिप जोडल्या आहेत, एक, दोन की चार? त्यांच्याकडे जाणारा मार्ग ८ बिट रुंद आहे, १६ की ३२? चिप कोणत्या पत्त्यापासून सुरू होते? पेनड्राइव्ह खोचणाऱ्याला असे प्रश्न कुणी विचारत नाही. मग ते एकेकाळी का विचारावे लागत होते, आणि आज त्यांची उत्तरे कोण देते?

३/ आरंभ जपानमध्ये. तोशिबा कंपनीतील अभियंता फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली सॅन फ्रान्सिस्को येथील परिषदेत या मेमरीवरचा शोधनिबंध मांडला. ‘फ्लॅश’ हे नाव त्यांचे सहकारी शोजी आरिइझुमी यांनी सुचवले होते. सगळा मजकूर एका क्षणात पुसला जातो, हे पाहून त्यांना कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला. कंपनीला या शोधाचे मोल उशिरा कळले. मासुओका १९९४ मध्ये विद्यापीठात अध्यापनासाठी निघून गेले, २००४ मध्ये त्यांनी जुन्या कंपनीवर मोबदल्याचा दावा लावला आणि २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनांवर तडजोड झाली. शोधकाची ही कहाणी वेगळ्या धाग्याची धनी आहे. आपण चिपकडे वळू.

४/ फ्लॅश समजून घ्यायला आपल्या जुन्या शाळांतली धूळपाटी आठवावी. धुळीवर बोटाने अक्षर काढणे सोपे. परंतु एकच अक्षर दुरुस्त करायचे तर पाटीचा तेवढा भाग सपाट करून पुन्हा लिहावे लागते. फ्लॅशमध्ये १ चा ० सहज होतो. ० चा पुन्हा १ करायचा असेल, तर हजारो बाइट्सचा अख्खा खंड पुसावा लागतो. पुसण्यालाही मर्यादा असते. ठरावीक वेळा पुसल्यावर तो खंड झिजतो आणि त्याचा भरवसा राहत नाही.

५/ तिचे दोन वंश झाले. ‘नॉर’ प्रकारच्या चिपमधून कोणताही बाइट थेट वाचता येतो. इंटेलने १९८८ मध्ये ती बाजारात आणली. ‘नँड’ प्रकार मासुओकांनी १९८७ मध्ये मांडला. तो स्वस्त आणि दाट, पण पानापानाने वाचावा लागणारा. नँडचे काही खंड तर कारखान्यातूनच निकामी येतात आणि ते चालवून घ्यावे लागतात.

६/ खरी अडचण भाषेची होती. इंटेलच्या पद्धतीच्या नॉर चिपवर एक खंड पुसायला २ आज्ञा लागत. एएमडीच्या पद्धतीच्या चिपवर तेच काम करायला ६ आज्ञा ठरलेल्या क्रमाने द्याव्या लागत. एकीची भाषा दुसरीला कळत नसे. म्हणून ड्रायव्हरचा पहिला प्रश्न एकच असे: तू कोण?

७/ याचे सर्वांत जुने उत्तर म्हणजे ओळखक्रमांक. ठरावीक आज्ञा दिली की चिप दोन अंक सांगते, एक निर्मात्याचा आणि एक तिचा स्वतःचा. इंटेलचा अंक हेक्स ८९, एएमडीचा ०१, सॅमसंगचा ईसी. पण या अंकांचा अर्थ चिपला ठाऊक नसतो. तिची क्षमता किती, खंड केवढे, आज्ञा कोणत्या, हे सारे कर्नेलमधल्या एका तक्त्यात हाताने लिहिलेले असते. बाजारात नवी चिप आली की कुणीतरी माहितीपत्रक वाचून तक्त्यात एक ओळ वाढवायची. तोवर ती चिप कर्नेलच्या लेखी अस्तित्वातच नसे. मोडी दफ्तरात शिक्का स्पष्ट उमटलेला असतो, पण तो कुणाचा हे सांगणारी सूची हाती नसली की कागद मुका राहतो. तसेच हे.

८/ मग एक विलक्षण गोष्ट घडली. इंटेल, एएमडी, शार्प आणि फुजित्सू या स्पर्धक कंपन्यांनी मिळून एक सामायिक प्रश्नोत्तर ठरवले. त्याचे नाव ‘कॉमन फ्लॅश इंटरफेस’, संक्षेपाने सीएफआय. हेक्स ५५ या पत्त्यावर हेक्स ९८ हा अंक लिहायचा. मग १०, ११ आणि १२ या पत्त्यांवर चिप ‘क्यू’, ‘आर’, ‘वाय’ ही तीन अक्षरे दाखवते. ‘क्वेरी’ या शब्दाचे ते लघुरूप. त्यापुढे ती स्वतःच सांगते: माझी क्षमता एवढी, माझे खंड असे, पुसायला इतका वेळ लागतो आणि मी अमुक क्रमांकाची भाषा बोलते. क्रमांक १ म्हणजे इंटेल-शार्पची, क्रमांक २ म्हणजे एएमडी-फुजित्सूची. कर्नेलच्या यादीत आजही या दोन भाषांचे ड्रायव्हर दोन स्वतंत्र प्रश्न म्हणून उभे आहेत.

माझ्या मते या इतिहासातले हे पहिले सत्तांतर. चिपविषयीचे ज्ञान कर्नेलच्या तक्त्यातून निघून चिपच्या पोटात गेले. पण ते उघड होते. विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच उत्तर मिळत असे.

९/ तरीही दोन गोष्टी चिप सांगू शकत नव्हती, कारण त्या तिला स्वतःलाच ठाऊक नसतात. पहिली, तिच्या शेजारी आणखी कोण बसले आहे. १६ बिटांच्या दोन चिप जोडून ३२ बिटांचा मार्ग केला असेल, तर ‘क्यू’ एकाच वेळी दोनदा ऐकू येतो आणि प्रश्नही दोघींना एकदम विचारावा लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे पत्ता. ज्याच्या घरी जाऊन विचारायचे त्याचे घरच माहीत नसेल, तर विचारणार कसे?

म्हणून ते चमत्कारिक प्रश्न. काहीच निवडले नाही तर कर्नेल रुंदीचे आणि संख्येचे अनेक मेळ एकामागून एक लावून पाहते. नेमका मेळ ठाऊक असेल तर तेवढाच निवडायचा. कर्नेल आकाराने लहान होते आणि वेगही वाढतो. ४ मेगाबाइटच्या चिपवर अख्खी प्रणाली बसवणाऱ्याला प्रत्येक किलोबाइट महाग असे.

१०/ पत्त्याचे उत्तर बोर्ड बनवणाराच देऊ शकत असे. त्यामुळे कर्नेलमध्ये ‘मॅप्स’ नावाची एक निर्देशिका वाढत गेली, जवळपास प्रत्येक बोर्डासाठी एक छोटी फाइल. ती उघडून पाहाच. ज्या यंत्रांचे उत्पादन केव्हाच थांबले, त्यांचे पत्ते तिथे नोंदलेले सापडतात. पुढे ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत रुळली आणि हे वर्णन कर्नेलच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये लिहिले जाऊ लागले. तिथे ‘सीएफआय-फ्लॅश’ हा शब्द, पत्ता आणि मार्गाची रुंदी एवढे दिले की पुरते.

११/ एमटीडीचा शिल्पकार म्हणून डेव्हिड वुडहाऊस या ब्रिटिश प्रोग्रामरचे नाव घ्यावे लागते. युनिक्सच्या परंपरेत उपकरणे मुख्यतः दोन जातींची, कॅरेक्टर आणि ब्लॉक. फ्लॅश यांपैकी कोणत्याच जातीत बसेना, कारण ब्लॉक उपकरणावर जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येतो. म्हणून तिसरी जात निर्माण करावी लागली. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कंपनीने आपल्या उपकरणांसाठी जेएफएफएस ही फ्लॅशची खास फाइलप्रणाली लिहिली. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ या कर्नेलमध्ये दोन्ही होत्या. त्याच वर्षी वुडहाऊस यांनी रेड हॅटमध्ये असताना तिची सुधारित आवृत्ती, जेएफएफएस-२, मांडली.

१२/ आता यादीतली माझी सर्वांत आवडती टीप. फ्लॅशला साध्या डिस्कचे सोंग देणारा एक थर असतो. डिस्कऑनचिप हे उपकरण त्यावर चालत असे. इस्रायलच्या एम-सिस्टिम्सचे हे उत्पादन. या ड्रायव्हरखालच्या टिपेचा आशय असा: यातील पद्धतींवर पेटंट असू शकते, अमेरिकेत हा ड्रायव्हर केवळ डिस्कऑनचिपवरच वापरण्याची मुभा आहे, मुक्त परवान्यानुसार मात्र तुम्ही हा कोड खुशाल उतरवून घ्या, बदला, वाटा. फक्त वापरू नका! कायदा आणि उपरोध एकाच परिच्छेदात. तत्कालीन पेटंटवादाचे याहून नेमके समकालीन साधन मला तरी दुसरे सापडलेले नाही.

१३/ एक व्यवहाराची गोष्ट. चिपवर विभागांच्या सीमा लिहिलेल्या नसतात. बूटलोडर कुठे संपतो आणि कर्नेल कुठे सुरू होते, हेही कॉन्फिगरेशनमध्ये किंवा बूट करताना द्यायच्या ओळीत सांगावे लागते. घरोघरी पोहोचलेल्या राउटरांवर २००४ पासून ओपनडब्ल्यूआरटी चढवणाऱ्या तरुणांना ही सीमा जपणे भाग होते. ती एका खंडाने चुकली आणि बूटलोडर पुसला गेला, की उपकरणाची वीट झाली.

१४/ नँडकडे सीएफआयसारखी सोय नव्हती. तिथे पुन्हा ओळखक्रमांकांचा तक्ता, शिवाय निकामी खंडांची नोंद आणि त्रुटिदुरुस्तीचे गणित. दर ५१२ बाइट्सच्या पानामागे १६ बाइट्सची वेगळी जागा या हिशोबासाठी राखलेली असे. त्या १६ बाइट्सत काय कुठे लिहायचे, यावर बूटलोडर आणि कर्नेल यांचे एकमत नसेल, तर चांगले पानही बिघडलेले भासते. २००६ मध्ये ‘ओएनएफआय’ हे सामायिक मानक आले आणि नँड चिपही स्वतःचे वर्णन सांगू लागली. मात्र सॅमसंग आणि तोशिबा हे मोठे उत्पादक त्यात सामील झाले नाहीत. त्यामुळे तक्ता काही गेला नाही.

१५/ येथे महाराष्ट्राचा एक खरा धागा जुळतो. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा भारतातील प्रारंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, डोंगरावरच्या एका लहानशा खेड्यातील शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ-१ लॅपटॉपमध्ये हार्डडिस्क नव्हती. १ गिगाबाइटची उघडी नँड चिप, मध्ये कोणताही दुभाष्या नाही. कॅमेरा आणि फ्लॅश सांभाळणाऱ्या ‘कॅफे’ नावाच्या नियंत्रक चिपसाठी नँडचा ड्रायव्हर वुडहाऊस यांनीच लिहिला होता, आणि फाइलप्रणाली होती जेएफएफएस-२. पहिलीदुसरीतल्या मुलांची चित्रे आणि अक्षरे कोणत्या खंडात पडतात, झिजलेला खंड कोणता, हे सगळे कर्नेलला माहीत होते आणि कर्नेलचा कोड कुणालाही वाचता येत होता.

१६/ या मोकळेपणाची किंमतही होती. जेएफएफएस-२ सुरू होताना सबंध चिप चाळून तिचा नकाशा मेमरीत उभा करते. ती लहान चिपसाठी घडवलेली होती. १ गिगाबाइटचा भार तिला जड जाऊ लागला. यावर दोन उत्तरे निघाली.

पहिले मोकळेच होते. २००७ मध्ये खंडांची झीज सांभाळणारा ‘यूबीआय’ हा थर कर्नेलमध्ये आला. २००८ मध्ये नोकिया आणि हंगेरीतील सेगेद विद्यापीठ यांनी मिळून घडवलेली यूबीआयएफएस ही फाइलप्रणाली त्यावर बसली.

१७/ दुसरे उत्तर बाजाराचे होते आणि तेच जिंकले. निकामी खंड, झीज, त्रुटिदुरुस्ती हा सारा संसार चिपशेजारच्या एका छोट्या नियंत्रकाकडे सोपवायचा आणि बाहेर साध्या डिस्कचा मुखवटा दाखवायचा. एसडी कार्ड, पेनड्राइव्ह, फोनमधली ईएमएमसी ही सारी त्याच घराण्यातली. एक्सओच्या पुढच्या आवृत्तीतही उघड्या नँडची जागा मायक्रोएसडी कार्डाने घेतली. कॉन्फिगरेशनमधले प्रश्न संपले, पण ते सुटले म्हणून नव्हे. त्यांची उत्तरे आता बंद फर्मवेअरमध्ये गेली. याला मी दुसरे सत्तांतर म्हणेन, आणि हे पहिल्यासारखे उघड नव्हते. डिसेंबर २०१३ मध्ये हॅम्बुर्ग येथील केऑस परिषदेत दोन संशोधकांनी काही एसडी कार्डांतला हा नियंत्रक उलगडून दाखवला, तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की नखाएवढ्या कार्डात एक स्वतंत्र संगणक बसलेला आहे आणि त्यावर दुसराच प्रोग्राम चढवता येतो.

१८/ त्याच्या आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, सॅमसंगच्या काही ईएमएमसी चिपमध्ये फर्मवेअरचा दोष आढळला होता. ‘सुरक्षितपणे पुसा’ ही आज्ञा दिली की मजकूर कायमचा भ्रष्ट होण्याचा धोका. दोष बंद पेटीच्या आत असल्यामुळे कर्नेल तो दुरुस्त करू शकत नव्हते. त्याला एवढेच करता आले: चिपला तिचे नाव विचारायचे आणि ते यादीत सापडले, तर ती आज्ञा तिला कधीच द्यायची नाही. ‘एमएजी४एफए’, ‘व्हीवायएल००एम’ अशी ती नावे कर्नेलच्या ईएमएमसी ड्रायव्हरमध्ये एकेक ओळ करून, हाताने नोंदवली गेली.