शांभरिक खरोलिका: सरकत्या काचेपासून मॅक्रोपर्यंत

कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांभरिक खरोलिका’ या नावाने दीपचित्रांचे खेळ सुरू केले. दीपचित्र म्हणजे काचपट्टीवर हाताने रंगवलेले पारदर्शक चित्र. दिव्याचा उजेड त्यातून पाठवून भिंगाद्वारे ते पडद्यावर मोठे केले जाई आणि रामायण-महाभारतातील प्रसंग संवाद व संगीताच्या साथीने उभे राहत.

या कलेचे मर्म चित्रांइतकेच त्यांच्या चालनात होते. सरकत्या काचांच्या तंत्रात एक काच स्थिर राही, दुसरी तिच्यावरून सरकताच पडद्यावरील आकृतीचा हात उचलला जाई, आणि ती नेमक्या कोणत्या शब्दाला सरकवायची हे चालकाला निवेदनाकडे कान लावून साधावे लागे. हे कौशल्य इतिहासात दुर्लक्षितच राहिले आहे.

पुढे नेमक्या इशाऱ्याला चित्र बदलण्याचे हे काम संगणकाकडे आले. १९८७ मध्ये बाजारात आलेल्या पॉवरपॉइंट या सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरच्या ‘९७’ या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिक फॉर ॲप्लिकेशन्स ही प्रोग्रामिंग भाषा समाविष्ट झाली आणि मॅक्रो, म्हणजे एका नावाखाली साठवलेला सूचनांचा क्रम, स्लाइडवरील आकृतीला जोडता येऊ लागला. त्यामुळे प्रश्नमंजूषेतील पर्यायावर क्लिक होताच उत्तर तपासणे, गुण वाढवणे आणि चुकल्यास विद्यार्थ्याला स्पष्टीकरणाच्या स्लाइडवर नेणे शक्य झाले. मात्र मॅक्रोतून घातक सूचनाही पसरू शकत असल्याने २००७ च्या आवृत्तीपासून अशा फाइलींना स्वतंत्र स्वरूप देण्यात आले.