अमेरिकेच्या कायद्यातील आईबाप

विवाहाने दोन कुळे जोडली जातात, अशी आपली पूर्वापार समजूत आहे. व्याही आणि विहीण ही नाती त्या समजुतीतूनच जन्मास आली. इंग्रजी भाषेत त्यांना स्वतंत्र शब्दच नाही. अमेरिकेत जन्मलेल्या एखाद्या ज्ञातिबांधवाच्या मुलाने पुण्याची वा कोल्हापूरची मुलगी केली, की थोड्याच वर्षांत त्या घरात एक प्रश्न उभा राहतो : सुनेच्या आईवडिलांना कायमचे तिकडे नेता येईल काय? मुलगी एकुलती असेल तर हा प्रश्न अधिकच निकडीचा होतो. जावई अमेरिकन नागरिक, प्राप्ती उत्तम, घर ऐसपैस. तेव्हा त्याने अर्ज केला म्हणजे काम झाले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः जावयास असा अर्ज करण्याचा अधिकारच नाही. तो अधिकार केवळ मुलीचा, आणि तोही ती स्वतः अमेरिकन नागरिक झाल्यानंतरचा. हे असे का, याचा उलगडा होण्यासाठी बरेच मागे जावे लागेल.

आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या आदल्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने दोन कायदे केले होते. एकाने चिनी मजुरांस देशाचे दार बंद केले. दुसऱ्याने प्रत्येक परक्या उतारूमागे पन्नास सेंटचा कर बसविला, आणि जो स्वतःचा निर्वाह करू शकणार नाही व म्हणून लोकांवर भार होईल, अशा माणसास परत पाठविण्याची मुभा अधिकाऱ्यांस दिली. पहिला कायदा १९४३ साली रद्द झाला. दुसऱ्यातील ‘लोकांवर भार’ ही कल्पना मात्र आजतागायत जिवंत आहे, आणि म्हातारे आईबाप तिच्या तडाख्यात सर्वांआधी सापडतात. आपल्याकडे ज्यांना घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, त्यांच्याकडे या कायद्याने आरंभापासूनच पोसावी लागणारी माणसे म्हणून पाहिले आहे.

तरीही १९१७ च्या कायद्यात मातापित्यांविषयी एक मऊ कोपरा आढळतो. अध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने हा कायदा संमत केला. सोळा वर्षांवरील प्रत्येक आगंतुकास कोणती तरी एक भाषा वाचता आली पाहिजे, अशी त्यात अट होती. परंतु आधीच तेथे असलेल्या माणसाला आपली आई, आजी, पत्नी, अविवाहित वा विधवा कन्या, तसेच पंचावन्न वर्षांवरील बाप किंवा आजोबा यांना आणावयाचे असेल, तर त्यांना अक्षरओळख नसली तरी चालेल, अशी सवलत ठेवण्यात आली. निरक्षर आजीला दारातून परत पाठवू नये, इतकी माणुसकी कायदेकर्त्यांनी दाखविली, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच कायद्याने आशिया खंडाभोवती एक वर्जित पट्टा आखला आणि त्यात हिंदुस्थान गेला. सवलत होती ती दुसऱ्यांच्या आजीला.

पुढे १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने ‘गोरा’ नाही, सबब तो नागरिकत्वास पात्र नाही. ज्यांना नागरिकत्व मिळाले होते अशांपैकी अनेकांचे ते काढून घेण्यात आले. याची झळ विवाहसंबंधांनाही लागली. नागरिकत्वास अपात्र अशा परकीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचे नागरिकत्व त्या काळी नष्ट होई. क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या अमेरिकन पत्नी मेरी यांच्यावर हा प्रसंग आला व त्यांनी १९२६ साली ‘द नेशन’ या पत्रात आपली कैफियत मांडली. हा नियम १९३१ मध्ये बदलण्यात आला. जेथे पत्नीचेच नागरिकत्व पतीपायी जात होते, तेथे पतीच्या आईबापांस बोलाविण्याची गोष्ट कोण काढणार? १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी प्रत्येक देशास जागांचे वाटप ठरवून दिले आणि त्या वाटपात नागरिकांच्या मातापित्यांना काहीसा अग्रक्रमही दिला. परंतु नागरिकत्वास अपात्र अशा लोकांस १९२४ च्या कायद्याने प्रवेशच नाकारला असल्यामुळे आपल्या दृष्टीने तो अग्रक्रम कागदावरचाच होता.

बंद दार किंचित उघडले ते २ जुलै १९४६ रोजी. सरदार जे. जे. सिंग यांच्यासारख्या तेथील हिंदी कार्यकर्त्यांनी कित्येक वर्षे वॉशिंग्टनचे उंबरठे झिजविले होते. क्लेअर बूथ ल्यूस आणि इमॅन्युएल सेलर या दोन प्रतिनिधींच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष ट्रूमन यांनी स्वाक्षरी केली, आणि हिंदी लोकांस नागरिक होण्याचा अधिकार मिळाला. वर्षाकाठी जागा किती? शंभर! दलीपसिंग सौंद हे १९२० साली तेथे विद्यार्थी म्हणून गेलेले गृहस्थ या कायद्यामुळेच १९४९ मध्ये नागरिक झाले व १९५६ च्या निवडणुकीत प्रतिनिधिगृहावर निवडून आले.

१९५२ साली ट्रूमन यांचाच नकाराधिकार डावलून दुसरा कायदा झाला. त्याने प्रत्येक देशाच्या वाट्यातील तीस टक्के जागा प्रौढ नागरिकांच्या मातापित्यांसाठी राखल्या. वाचकांनी हिशेब करावा : शंभराचे तीस टक्के म्हणजे तीस. सबंध भारतातून वर्षाला तीस आईबाप! यावर आणखी एक मेख अशी, की आशियाई वंशाचा मनुष्य इंग्लंडात जन्मलेला असला तरी तो इंग्लंडच्या मोठ्या वाट्यात न धरता त्याच्या पूर्वजांच्या देशाच्या चिमुकल्या वाट्यात धरला जाई. युरोपीय माणसाच्या बाबतीत जन्मभूमी पाहिली जाई, आशियाई माणसाच्या बाबतीत रक्त. जातीवरून आपणांस बोल लावणारे पुष्कळ आहेत आणि त्यांतले काही बोल रास्तही आहेत. पण जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे ही आपलीच एकट्याची मिरास नव्हे, हे यावरून दिसावे.

खरा पालट १९६५ साली झाला. ३ ऑक्टोबर रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली. १९४६ च्या कायद्यामागील तेच सेलर या कायद्याचेही एक जनक होत. देशवार वाटपाची जुनी पद्धत गेली, आणि एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकाच्या आईबापांना ‘निकटचे आप्त’ म्हणून पती, पत्नी व अविवाहित अज्ञान अपत्ये यांच्या पंक्तीस बसविण्यात आले. त्यांच्यासाठी संख्येची मर्यादा राहिली नाही. बापाला मुलाच्या बरोबरीचे स्थान मिळाले, ही या इतिहासातील सर्वांत मोठी घटना होय.

यातील गंमत अशी, की कुटुंबाला एवढे महत्त्व देण्यामागे सर्वांचा हेतू उदार नव्हता. ओहायोचे प्रतिनिधी मायकेल फीघन यांच्यासारख्यांचा आग्रह होता, की नातेसंबंधास अग्रक्रम दिला म्हणजे ज्यांचे नातेवाईक आधीच येथे आहेत असे युरोपीय लोकच येत राहतील. आशियातून व आफ्रिकेतून फारसे कोणी येणार नाही, कारण त्यांचे येथे नातलगच थोडे, असे खुद्द सेलर यांनीही सभागृहास सांगितले होते. घडले ते उलट. आपल्याकडील डॉक्टर, इंजिनियर व संशोधक आपापल्या विद्येच्या बळावर गेले. पाच वर्षांनी नागरिक झाले. आणि मग त्यांनी आपल्या आईवडिलांस बोलाविले. १९६९ साली शिकागोस महाराष्ट्र मंडळ निघाले, १९८१ साली बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झाले. या संस्थांच्या गणेशोत्सवांत पुढच्या खुर्च्यांवर नऊवारीतील ज्या आजीबाई बसत, त्यांच्यापैकी कित्येकींच्या पाठीशी १९६५ चा कायदा होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘आईबाप’ म्हणजे अर्जदाराचे आईबाप, हा अर्थ कायद्याने कधीच सैल केला नाही. सावत्र आईबाप त्यात बसतात, मात्र तो पुनर्विवाह अर्जदार अठरा वर्षांचा होण्यापूर्वी झालेला असला पाहिजे. दत्तक आईबाप बसतात, पण सामान्यतः दत्तविधान सोळाव्या वर्षापूर्वीचे असावे लागते, आणि मग त्या नात्याच्या आधारे गेलेल्या दत्तकास आपल्या जन्मदात्यांसाठी अर्ज करता येत नाही. आपल्या ज्या घराण्यांत दत्तकाची चाल होती, त्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. सासू-सासरे मात्र कोठेच बसत नाहीत.

म्हणून क्रम असा पडतो : अमेरिकन पतीने पत्नीसाठी अर्ज करावयाचा, १९८६ च्या कायद्यान्वये, विवाहास दोन वर्षे झालेली नसतील तर तिला प्रथम सशर्त वास्तव्य मिळते. नागरिकाची पत्नी या नात्याने पतीसमवेत तीन वर्षे काढल्यावर (इतरांना पाच लागतात) तिला नागरिकत्व मागता येते. ते मिळाल्यानंतर तिने आईसाठी एक व वडिलांसाठी दुसरा असे दोन वेगळे अर्ज करावयाचे. धाकटा भाऊ अविवाहित व अज्ञान असला तरी आईवडिलांच्या अर्जावर त्याला नेता येत नाही. त्याच्यासाठी भावंडांचा निराळा वर्ग आहे आणि भारतीयांस त्यात पंधरा वर्षांहून अधिक तिष्ठावे लागते. घर असे अर्धे इकडे, अर्धे तिकडे होते.

जावई या नाटकात प्रवेश करतो तो पैशाच्या अंकात. १८८२ च्या त्या ‘लोकांवर भार’ या कल्पनेला १९९६ च्या कायद्याने कराराचे रूप दिले. अर्जदार मुलीने लेखी हमी द्यावी लागते, की आपल्या कुटुंबाची प्राप्ती, येणारे आईबाप धरून, सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या सव्वापट तरी आहे. ती स्वतः मिळवती नसेल तर पतीने आपली प्राप्ती तिच्या हमीस जोडावयाची किंवा सहजामीन व्हावयाचे. ही सही वरवर औपचारिक दिसते. तशी ती नाही. आईबाप नागरिक होईपर्यंत, किंवा त्यांच्या नावे चाळीस तिमाहींचे, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे, काम जमा होईपर्यंत, किंवा त्यांनी तो देश कायमचा सोडेपर्यंत वा त्यांच्या मृत्यूपर्यंत ती बांधून ठेवते. घटस्फोटाने ती सुटत नाही. पत्नीशी नाते तुटले तरी सासऱ्याच्या निर्वाहाची जबाबदारी जावयाच्या माथी राहू शकते, आणि ती न्यायालयात वसूलही होते. व्याह्यांना एका ओळीचेही स्थान न देणाऱ्या कायद्याने जामीनदार म्हणून जावयास मात्र तत्परतेने जवळ केले, हे प्रस्तुत लेखकास मोठे नवलाचे वाटते.

२००२ साली आणखी एक दुरुस्ती झाली. अर्ज मंजूर झाल्यावर अर्जदार मुलीचेच निधन झाले तर पूर्वी सारे मुळातच संपत असे. या दुरुस्तीने, सरकारने दया म्हणून तो अर्ज पुन्हा जिवंत केल्यास, मृत अर्जदाराच्या जागी हमी देण्याची मुभा काही नातलगांस दिली. त्या यादीत सासू, सासरा, जावई, सून, मेहुणा व नणंद-भावजया यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

या हक्कावर टाच आणण्याचे प्रयत्नही झाले आहेत. २०१६ या एका वर्षात १ लाख ७० हजारांहून अधिक मातापित्यांना कायम वास्तव्य मिळाले. २०१७ साली सिनेटर कॉटन व पर्ड्यू यांनी असे विधेयक आणले, की आईबापांचा हा वर्गच रद्द करावा. त्यांना काम करण्याच्या परवानगीविना, ठराविक मुदतीपुरते येऊ द्यावे आणि त्यांच्या आजारपणाच्या विम्याचा भार मुलाने उचलावा. ते संमत झाले नाही. एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या काळात नव्या स्थलांतरितांचा प्रवेश थांबविण्यात आला, तेव्हा नागरिकांच्या पतिपत्नींना व अज्ञान मुलांना सूट मिळाली, आईबापांना मिळाली नाही. १९६५ साली एका पंक्तीस बसलेल्यांपैकी दोघांची पाने उचलली गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये तो हुकूम मागे घेण्यात आला.

एवढे सगळे पार पडले तरी शेवटची कसोटी असते मुंबईस, अमेरिकन वकिलातीत. ही वकिलात अनेक दशके ब्रीच कँडीवरील लिंकन हाउस या वास्तूत होती. वांकानेरच्या महाराजांचा तो पूर्वीचा वाडा. २०११ पासून ती वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. येथे मुख्य पुरावा लागतो तो मुलगी यांचीच असल्याचा, म्हणजे तिच्या जन्मदाखल्याचा, आणि येथेच आपल्या एका जुन्या चालीने पुष्कळांची पंचाईत होते. विवाहात सुनेचे नाव बदलण्याची आपल्याकडे रीत. आईचे माहेरचे नाव शाळेच्या दाखल्यावर एक, सासरचे पारपत्रावर दुसरे, आणि मुलीच्या जन्मनोंदीत घरात हाक मारण्याचे तिसरेच! तीन नावांची एकच बाई, हे परक्या अधिकाऱ्यास पटवावयाचे तर विवाहनोंदणीचा दाखला, राजपत्रातील नामांतराची सूचना किंवा ज्येष्ठ नातलगांची प्रतिज्ञापत्रे जमवावी लागतात. जन्माची नोंदच झालेली नसेल तर नगरपालिकेकडून वा ग्रामपंचायतीकडून तसा अनुपलब्धतेचा दाखला घेऊन त्यासोबत शाळेचे कागद जोडावे लागतात. ज्या घरांतून मुली परदेशी दिल्या आहेत, त्यांनी हे कागद आई, मावशी, आत्या हयात आहेत तोवरच करून ठेवलेले बरे; कारण त्या प्रतिज्ञापत्रांवर सही करण्याजोगी, जन्माच्या वेळी घरात असलेली माणसे दरसाल कमी होत चालली आहेत.