राष्ट्रांची वंशावळ (उत्पत्ती, अध्याय 10)

बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील यादी. महापुरानंतरची सर्व माणसे नोहाच्या शेम, हाम व याफेथ या तीन मुलांपासून झाली असे सांगून, लेखकाला ठाऊक असलेले लोकसमूह तिच्यात मुले-नातवंडे म्हणून गुंफले आहेत. ज्यू परंपरा त्यांची संख्या 70 मानते.

यांतील बरीच नावे इतर साधनांतूनही ओळखू येतात. याफेथचा मुलगा गोमर म्हणजे ॲसिरियन लेखांतले किमेरियन, मादय म्हणजे मीड आणि यावान म्हणजे आयोनियन ग्रीक, भारतीय ग्रंथांतले यवन. गोमरचा मुलगा अष्कनाज बहुधा सिथियनांचा निदर्शक. हामच्या शाखेत कूश (नूबिया), मिसराईम (इजिप्त) व कनान येतात; शेमच्या शाखेत एलाम, अश्शूर, अराम आणि हिब्रूंचा पूर्वज एबर. किमेरियन व सिथियन ॲसिरियाच्या नोंदींत इ.स.पू. 8व्या-7व्या शतकांत दिसू लागतात. त्यामुळे यादीचा निदान काही भाग त्यानंतरचा असावा.

ही नाती रक्ताची मानली की सगळाच घोळ होतो. हिब्रू स्वतःच कनानी भाषागटातली, तरी कनान हामच्या पोटी. एलामी भाषा सेमिटिक नसूनही एलाम शेमचा मुलगा. कनानवर इजिप्तची दीर्घकाळ सत्ता होती आणि एलाम मेसोपोटेमियाला लागून होता, हे ध्यानात घेतले की मांडणी उलगडते: शेजार, सत्ता आणि वैर यांचा हिशेब येथे भाऊबंदकीच्या भाषेत लिहिला आहे. सीदोन हे शहरच कनानचा थोरला मुलगा ठरते. शबा व हवीला ही नावे तर हाम आणि शेम या दोन्ही शाखांत येतात.

तरीही ही चौकट शतकानुशतके जगावर बसवली गेली. पहिल्या शतकात ज्यू इतिहासकार जोसेफसने तिच्यातील नावे आपल्या काळच्या लोकांशी जुळवली. विजापूरच्या आदिलशाही दरबारातील इतिहासकार फिरिश्ता याने हामचा मुलगा हिंद, हिंदचा दखन आणि दखनचे मऱ्हाट, कन्हड व तिलंग असे तीन मुलगे सांगितले. मराठी मुलूख असा नोहाच्या कुळात गेला. कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी 1792च्या व्याख्यानात भारतीयांना हामच्याच शाखेत घातले.

या वाचनाने घोर अन्यायही घडवला. उत्पत्ती 9:25 मधला नोहाचा शाप कनानला आहे; तो हामवर व त्याच्यामार्फत साऱ्या आफ्रिकनांवर लादून गुलामगिरीचे समर्थन केले गेले. रुआंडात हामच्या नावावरून आलेल्या ‘हॅमिटिक वंशा’च्या कल्पनेने तुत्सी समाजाला परके ठरवले, 1994च्या वंशसंहारातल्या प्रचारातही ती वापरली गेली.

जर्मन इतिहासकार श्लॉट्सर यांनी 1781 मध्ये शेमवरून रूढ केलेली ‘सेमिटिक’ ही संज्ञा भाषाशास्त्रात टिकली आहे. ‘हॅमिटिक’ हा भाषागट भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी विसाव्या शतकात मोडीत काढला. सेमिटिकसह त्या भाषांच्या कुलाला आता आफ्रो-आशियाई म्हणतात.