कोळंबीच्या सालीतून दुर्गंधीरोधक सुती कापड

रायगड किनाऱ्यावरील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, सुती कपडे लवकर वाळत नाहीत आणि त्यांना कुबट वास येतो. मुळात ताज्या घामाला फारसा वास नसतो. ओलसर कापडात वाढणारे जिवाणू घामातील घटकांचे विघटन करतात आणि त्यातून दुर्गंधी निर्माण होते. यावर उपाय म्हणून कापडावर जिवाणूरोधक प्रक्रिया केली जाते. चांदीचे अतिसूक्ष्म कण त्यासाठी प्रभावी ठरतात. मात्र धुण्याच्या पाण्याबरोबर ते खाडीत पोहोचल्यास जलचरांना अपायकारक ठरू शकतात.

'कायटोसॅन' हा त्याला नैसर्गिक पर्याय आहे. किनाऱ्यावर सोडे तयार करताना कोळंबीची साले उरतात. त्यांतील क्षार आम्लाने व प्रथिने अल्कलीने काढल्यावर कायटिन उरते. ते तीव्र अल्कलीत तापवल्यास कायटोसॅन मिळते. सौम्य आम्लातील त्याच्या द्रावणात कापड भिजवून, पिळून, वाळवून त्याला उष्णता दिली जाते. सायट्रिक आम्ल त्याला धाग्याशी बांधून ठेवते. धनभारित कायटोसॅन जिवाणूंच्या ऋणभारित आवरणाला चिकटून त्यांची वाढ रोखते. प्रमाण वाढल्यास कापड ताठर होते आणि वारंवार धुण्याने परिणाम ओसरतो. म्हणूनच किती धुण्यांपर्यंत गुण टिकतो, हीच अशा कापडाची खरी कसोटी होय.