विसाव्याचा इतिहास : गिरणीचें घड्याळ आणि माणूस

कामाचा ताण हा शब्दप्रयोग आज घरोघरीं ऐकूं येतो. कचेरींतून परतलेला मुलगा जेवतांना बोलत नाहीं, रात्रीं त्याला झोंप लागत नाहीं, सुट्टीच्या दिवशींहि त्याचें चित्त कामावरच असतें. आई विचारते, तेव्हां "फार ताण आहे" एवढेंच उत्तर मिळतें. या विषयाचें शास्त्र तसें अलीकडचें. १९३६ सालीं हान्स सेल्ये या संशोधकानें 'नेचर' या नियतकालिकांत एक लहानसें टिपण प्रसिद्ध केलें आणि निरनिराळ्या आघातांना शरीर एका ठराविक रीतीनेंच तोंड देतें, हा विचार पुढें मांडला. त्यानंतर त्र्याऐंशीं वर्षांनीं, २०१९ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें कामामुळें येणाऱ्या पराकाष्ठेच्या शिणवट्याची आपल्या वर्गीकरणांत स्पष्ट व्याख्या केली. मात्र ती करतांना, हा रोग नव्हे, तर नोकरीच्या परिस्थितींतून उद्भवणारी अवस्था आहे, असेंहि सांगितलें.

हा भेद महत्त्वाचा आहे. रोगाचें मूळ आपण रोग्याच्या ठिकाणीं शोधतों. अवस्थेचें मूळ परिस्थितींत शोधावें लागतें. आपल्याकडे ताणावर जे उपाय सुचविले जातात, ते बहुधा रोग्याला सांगण्याचे असतात. पहाटे फिरावयास जावें, दीर्घ श्वसन करावें, मन शांत ठेवावें. हे उपाय चांगलेच आहेत. परंतु ज्याला पहाट आणि संध्याकाळ या दोन्ही वेळा स्वतःच्या म्हणून उरलेल्याच नाहींत, त्यानें फिरावयास जावें केव्हां? हा प्रश्न मुंबई शहरानें सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच विचारला होता, आणि त्याचें कांहीं उत्तरहि मिळविलें होतें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईंत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, आणि १८५६ सालीं ताडदेव येथें त्या गिरणीचीं यंत्रें फिरूं लागलीं. पुढील तीस-चाळीस वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा या भागांत धुराड्यांचें रानच माजलें. या गिरण्यांत कामाला आलेला माणूस मुख्यतः रत्नागिरी, सातारा, पुणें, नगर या बाजूंचा शेतकरी होता. कष्ट त्याला नवे नव्हते. परंतु शेतांतील कष्टाला स्वतःचा एक ताल असतो. बैल थकला कीं नांगर थांबतो. पाऊस कोसळूं लागला कीं माणूस आडोशाला जातो. पेरणी आणि कापणी यांच्या मध्यें दिवस मोकळे सांपडतात. वाफेचें यंत्र मात्र थकत नाहीं. तें ज्या गतीनें सकाळीं फिरतें, त्याच गतीनें संध्याकाळीं फिरतें, आणि आपल्यापुढें उभ्या असलेल्या माणसानेंहि तसेंच असावें, अशी अपेक्षा करतें. शेतकऱ्याला जें नवें होतें, तें हें.

गिरणीची आंतील हवाहि माणसापेक्षां सुताच्या सोयीनें राखलेली असे. कोरड्या हवेंत सूत तुटतें, म्हणून खात्यांत दमटपणा ठेवीत. त्या दमटपणांत कापसाची धूळ तरंगत राही. मागखात्यांत तर धोट्यांचा आवाज इतका, कीं शेजारच्या माणसाशीं बोलावयाचें झाल्यास ओंठांच्या हालचालींवर आणि हाताच्या खुणांवर भागवावें लागे. आणि हें सारें सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत. मुंबईंत डिसेंबरचा दिवस सुमारें अकरा तासांचा असतो आणि जूनचा सुमारें सव्वातेरा तासांचा. म्हणजे दिवस वाढला कीं काम वाढे.

या ताणावर कामकऱ्यांनीं आपल्यापरीनें इलाज शोधले होते. शेजाऱ्याला माग पाहावयास सांगून घटकाभर बाहेर जावें, बिडी ओढावी, नळापाशीं दोन शब्द बोलावे, मग परत यावें. वर्षांतून कांहीं दिवस गांवीं जावें; आपल्या जागीं बदली माणूस उभा राहील. मालक आणि त्यांचे व्यवस्थापक याला आळस म्हणत. पुढें सरकारी चौकशी-मंडळांपुढें या 'आळसा'ची पुष्कळ चर्चा झाली. आज त्या गोष्टीकडे पाहिलें तर दिसतें कीं, तो आळस नव्हता. यंत्रानें न दिलेला विसावा माणूस चोरून घेत होता. पण चोरून घेतलेल्या विसाव्यांत एक उणीव असते. तो घेणाऱ्याच्या मनांत सदैव धाक असतो, आणि मुकादमाची मर्जी फिरली कीं तो नाहींसा होतो.

हा विसावा चोरून न घेतां हक्कानें मिळाला पाहिजे, हें उघडपणें मांडणारा मनुष्य म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. त्यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्याचा. जोतिराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. मुंबईंतील एका गिरणीच्या कोठारावर त्यांनीं नोकरी केली होती; त्यामुळें गिरणीचें आयुष्य त्यांना आंतून ठाऊक होतें. कृष्णराव भालेकर यांनीं पुण्यास १८७७ सालीं काढलेलें 'दीनबंधु' पत्र १८८० सालीं लोखंडे यांनीं मुंबईंत आपल्याकडे घेतलें, आणि कामकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांना त्यांत जागा दिली.

त्या वेळीं कायदा नव्हता असें नाहीं. १८८१ सालीं कारखान्यांचा पहिला कायदा झाला होता. पण त्याची दृष्टि मुख्यतः मुलांपुरती होती. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊं नये, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये, असें त्यानें सांगितलें. प्रौढ पुरुष आणि स्त्रिया यांच्या तासांविषयीं त्यांत अक्षरहि नव्हतें.

सप्टेंबर १८८४ मध्यें लोखंडे यांनीं मुंबईंत कामकऱ्यांच्या सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा एक अर्ज तयार केला. त्यांतील मागण्या आज वाचल्या, तर त्यांचा साधेपणाच मनाला भिडतो. आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, सुट्टी मिळावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळीं साडेसहाला सुरू व्हावें आणि सूर्यास्ताला थांबावें. एका महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातीं पडावा. कामावर जखम झाल्यास बरें होईपर्यंत पोटाची सोय व्हावी. या मागण्यांत पैशाचा आंकडा वाढवून मागितलेला नाहीं. मागितली आहे ती वेळेची आणि पैशाची निश्चिति. केव्हां सुटूं, केव्हां पगार होईल, हात चिरडला तर मुलें काय खातील, या अनिश्चितीनें माणूस कामापेक्षांहि अधिक खचतो, हें त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या लोकांनीं नेमकें ओळखलें होतें.

या मागणीचा मार्ग सोपा नव्हता. मुंबईच्या स्वस्त सुतामुळें मँचेस्टरचे कारखानदार अस्वस्थ झाले होते, आणि हिंदुस्थानांतील गिरण्यांवर कायद्याचें बंधन यावें म्हणून ते विलायतेंत खटपट करीत होते. त्यामुळें आपल्याकडील अनेक राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांना कारखान्याचा कायदा म्हणजे देशी धंद्याचा गळा आवळण्याचा डाव वाटे. ही शंका निराधार नव्हती. पण परक्याचा हेतु अशुद्ध आहे, एवढ्यानें आपल्या माणसाचा थकवा खोटा ठरत नाहीं. लोखंडे या दोहोंच्या मधोमध उभे राहिले. दोन्हीं बाजूंच्या बलवान लोकांना जें गैरसोयीचें, तें त्यांनीं बोलून दाखविलें.

२४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामकऱ्यांची सभा भरली. तींत दोन कामकरी स्त्रियांनींहि भाषणें केलीं. घरचा स्वयंपाक, मुलांचें पाहणें आणि गिरणीचा दिवस अशी तिहेरी ओढ ज्यांच्यावर होती, त्यांनीं स्वतःच्या तोंडानें विसाव्याची मागणी केली, ही गोष्ट इतिहासानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार असल्यानें तो मराठी कामकऱ्याला अगदींच परका नव्हता. पुढील वर्षीं, १८९१ मध्यें, कायदा सुधारला. साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास सर्वांना मिळाला. स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा पडली. आज आपण रविवारीं उशिरां उठतों, तेव्हां त्या उशिरां उठण्यामागें साडेपांच हजार सह्या आहेत, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. लोखंडे १८९७ च्या फेब्रुवारींत प्लेगच्या सांथींत वारले.

पण एकदां मिळालेला विसावा कायमचा मिळाला, असें मात्र होत नाहीं. प्रौढ पुरुषांचे तास अद्याप मोकळेच होते. त्यांना मर्यादा होती ती फक्त सूर्याची. अंधार पडला कीं काम थांबे, तें मालकाच्या दयेनें नव्हे, तर सूत दिसेनासें होई म्हणून. विसाव्या शतकाच्या आरंभीं गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि ही नैसर्गिक मर्यादाहि गळून पडली. १९०५ सालीं कापडाला तेजी आली. कित्येक गिरण्या चौदा-पंधरा तास चालूं लागल्या. विजेचा दिवा ही वस्तुतः किती सुखाची सोय! पण त्या दिव्यानें माणसाची रात्र मालकाला विकली. त्या वर्षीं मुंबईंत संप आणि दंगे झाले.

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ सुरू झाली. ती जुन्या मुंबईच्या वेळेहून एकोणचाळीस मिनिटें पुढें होती. घड्याळाचे कांटे पुढें सरकविले कीं सूर्य कांहीं लवकर उगवत नाहीं. म्हणजे कामकऱ्याला तेवढेंच अधिक अंधारांत घराबाहेर पडणें आलें. त्या महिन्यांत हजारों गिरणीकामगार या बदलाविरुद्ध काम सोडून बाहेर पडले आणि त्यांनीं दगडफेकहि केली. घड्याळावर दगड मारणारे लोक अडाणी होते, असें म्हणणें सोपें आहे. पण आपल्या झोंपेचे कांटे कोणी परस्पर हलवूं नयेत, ही त्यांची भावना मात्र अडाणी नव्हती.

सरकारनें १९०७ सालीं चौकशीसाठीं एक मंडळ नेमलें. प्रौढ पुरुषांच्या तासांवर कायद्यानें थेट मर्यादा घालूं नये, असें बहुमत पडलें. मद्रासचे डॉक्टर टी. एम. नायर यांनीं मात्र भिन्न मत नोंदविलें आणि थेट मर्यादेचा आग्रह धरला. १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतील पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, आणि एकट्याचें मत पुष्कळ अंशीं खरें ठरलें. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली; तींत हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. त्यानंतर १९२२ मध्यें आठवड्याला साठ तास, १९३४ मध्यें चोपन्न, आणि १९४६ मध्यें अठ्ठेचाळीस, अशी मर्यादा खालीं येत गेली. १९४८ च्या कायद्यानें ती अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा कायम राखली.

या आंकड्यांतून जी वस्तु निर्माण झाली, तिचें नांव संध्याकाळ. जोशी यांनीं १९११ सालीं स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा आणि वाचनालयें, चाळींतील भजनी मंडळी, तालमी, नाटकाच्या तालमीहि, हें सारें गिरणगांवाचें वैभव त्या संध्याकाळींच्या आधारावर उभें राहिलें. मन रमविण्याचे उपाय लोकांना ठाऊक होतेच. त्यांना वेळ मिळाला, तेव्हां ते फळाला आले.

तास उतरले, तेव्हां ताणानें दुसरें रूप घेतलें. १९२० नंतरच्या मंदींत, दोन मागांऐवजीं तीन माग एकाच विणकऱ्यानें पाहावेत, अशा योजना मालकांनीं काढल्या. दिवस तितकाच, पण दिवसांतील प्रत्येक घटका अधिक ताणलेली. १९२८ सालीं एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारें दीड लाख कामगारांनीं जो संप केला, त्याच्या मुळाशीं पगारकपातीच्या भयाबरोबर हा वाढता भारहि होता. केवळ तास मोजून भागत नाहीं, तासांत काय कोंबलें आहे तेंहि मोजावें लागतें, हा धडा त्या संपानें दिला.

आतां त्या गिरण्या राहिल्या नाहींत. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक एकामागून एक बंद पडल्या. परळ-लालबागचे भोंगे थांबले, आणि कित्येक गिरण्यांच्या आवारांत कांचेच्या उंच कचेऱ्या उभ्या राहिल्या. तेथें वारा थंड आहे, धूळ नाहीं, धोट्यांचा गोंगाट नाहीं. पण भोंगा वाजे तेव्हां काम सुटल्याचें सर्वांना कळे. आज कचेरी सुटली तरी खिशांतील दूरध्वनि सुटत नाहीं. १९०५ सालीं विजेच्या दिव्यानें जें केलें, तेंच हा लहानसा प्रकाशमान पडदा करीत आहे. फ्रान्सनें २०१७ पासून, कामाच्या वेळेबाहेर संदेशांपासून अलिप्त राहण्याच्या हक्काला कायद्यांत स्थान दिलें आहे. म्हणजे जुनीच मागणी नव्या यंत्रापुढें पुन्हां मांडावी लागत आहे.

म्हणून घरांतील तरुण माणूस थकून आला, तर त्याला मन घट्ट करावयास अवश्य सांगावें. पण तेवढ्यावर थांबूं नये. तुझें काम केव्हां सुरू होतें आणि केव्हां संपतें, तें ठरलेलें आहे काय, हेंहि त्याला विचारावें. एका माणसाच्या कामाला दोघांचा भार आहे काय, हें विचारावें. आणि तुझ्या शेजारच्या मेजावर बसणाऱ्यालाहि असेंच होतें काय, हें तर नक्कीच विचारावें. १८८४ सालीं सही करणाऱ्या प्रत्येकाला आपला शीण आपल्यापुरताच वाटत असेल, तोंवर तो फक्त शीण होता. शेजाऱ्याचाहि तोच आहे हें कळलें, त्या दिवशीं त्याची मागणी झाली.