गुलाबराव महाराजांचा वाचक आणि आजचा पीडीएफ

वऱ्हाडात अंध माणसाच्या विद्वत्तेचं नवल नाही. अमरावती जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत १८८१ साली जन्मलेल्या गुलाबराव महाराजांची दृष्टी तान्हेपणीच गेली. जेमतेम ३४ वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मराठी, हिंदी, संस्कृतात शंभरावर ग्रंथ रचले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. मला मात्र त्यांच्याभोवतीची माणसं अधिक महत्त्वाची वाटतात: कुणी वाचून दाखवलं, कुणी सांगितलेलं उतरवून घेतलं.

त्याच काळात इजिप्तमध्ये ताहा हुसैन वाढत होते. जन्म १८८९चा, दृष्टी लहानपणी गेलेली. खेड्यातल्या मक्तबमध्ये कुराण पाठ केलं, अल-अझहरमध्ये शिकले आणि १९१४ साली कैरोच्या नव्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय होता अबुल अला अल-मअर्री, तोही अंध कवी! पुढे फ्रान्समध्ये त्यांना पुस्तकं वाचून दाखवणारी सुझान त्यांची पत्नी झाली. १९५० साली ते देशाचे शिक्षणमंत्री झाले.

दोघांनाही वाचणारा माणूस भेटला. ज्याला तो भेटत नाही, त्याचं काय?

भारतीय भाषांसाठी सामाईक ब्रेल १९५१मध्ये ठरली, पण ब्रेलची पुस्तकं जाडजूड आणि महाग. खरा फरक पडला तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६मध्ये सुरू केलेलं एनव्हीडीए फुकट मिळतं आणि मराठी, उर्दू दोन्ही वाचतं.

आमच्याकडे घोडं अडतं ते नोट्सपाशी. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल हे सॉफ्टवेअर भलतीच अक्षरं समजून बडबडतं. स्कॅन केलेलं पान म्हणजे त्याच्या लेखी नुसतं चित्र. अकोला-अमरावतीत उर्दू माध्यमातून शिकून आलेल्यांची अडचण दुप्पट, कारण उर्दू पुस्तकांचे पीडीएफ बहुधा अशी चित्रंच असतात. नस्तालीक डोळ्यांना सुंदर, यंत्राला मुकं.

२०१६च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांमध्ये दिव्यांगांना किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या. प्रवेश मिळतो, पुस्तक मिळत नाही. कॉपीराइटची सबबही चालणार नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग विद्यार्थ्यासाठी पुस्तक युनिकोडमध्ये करून द्यायला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. एका सत्राच्या नोट्स पुन्हा टाइप करायला चार विद्यार्थ्यांना एक सुट्टी पुरते.